इस्पिकचा राजा, क्रमांक ५१

आईनं एमएस-सीआयटीचा क्लास लावला, तेव्हा मी तिसरीत होतो. ती टायपिंग करायची आणि मी शेजारच्या मशीनवर सॉलिटेअर उघडायचो. पत्त्याच्या पाठीवर नारळाचं झाड होतं, वर सूर्य. तो मधूनच जीभ बाहेर काढायचा. डाव राहायचा बाजूला, मी त्या जिभेची वाट बघत बसायचो.

विंडोज ३.० साठी १९९० मध्ये तो पत्त्यांचा संच केला सुसान केअर यांनी. मॅकिन्टॉशचे सुरुवातीचे आयकॉनही त्यांचेच. मायक्रोसॉफ्टमध्ये मात्र त्या नोकरीला नव्हत्या. अ‍ॅपल, मग नेक्स्ट सोडून त्या बाहेरची कामं घेत होत्या. आपल्या भाषेत फ्रीलान्सर. खेळाचा कोड १९८८ मध्ये वेस चेरी या इंटर्ननं लिहिला होता. त्यालाही रॉयल्टी मिळाली नाही.

पुढे पत्त्यांची चित्रं ‘कार्ड्स डॉट डीएलएल’ या एका फाइलमध्ये गेली. सॉलिटेअर, फ्रीसेल, हार्ट्स, सगळे तिथूनच पत्ते उचलायचे. पत्ता ७१ बाय ९६ पिक्सेलचा. किलवर एक्का शून्य, चौकट १, बदाम २, इस्पिक ३. मग दुऱ्या, तिऱ्या असं चढत इस्पिकचा राजा ५१. क्रमांक सांगा, पत्ता हजर. बाहेरचे हौशी प्रोग्रामरही हीच फाइल वापरून आपापले खेळ बनवायचे.

इंजिनिअर म्हणून मला हे भारी वाटतं. माप आणि क्रमांक ठरला, की चित्र काढणाऱ्याला कोड कळायला नको आणि कोड लिहिणाऱ्याला चित्र. (कॉलेजात हे शिकवायला अख्खं सेमिस्टर घेतात.) फक्त पत्ता मागताना तो कुणी काढला हे कुठेच लागत नाही. व्हिस्टामध्ये नवे पत्ते आले आणि जुने गेले.

गेल्या वर्षी आमच्या अ‍ॅपसाठी दोन फ्रीलान्सर डिझायनरांनी मिळून १४० आयकॉन केले. मी ते एका स्प्राइटमध्ये कोंबले, फाइलींची नावं काढून क्रमांक दिले. कमिट माझ्या नावावर. दोन महिन्यांनी त्यांतल्या एकीचा मेसेज आला: “पोर्टफोलिओत टाकायचेत. यातले माझे कोणते, सांगू शकाल का? लॅपटॉप गेला माझा.”

मला सांगता येईना. दोन रात्री जुने मेल उपसून ९६ आयकॉन कुणाचे ते लावले. ४४ अजून तसेच आहेत.