आजीची हळद आणि छापील पुरावा

खरचटलं की आजी हळद दाबायची. मार्च १९९५ मध्ये इथल्या पेटंट कचेरीने जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देऊन टाकलं. क्रमांक ५४०१५०४. गंमत म्हणजे दोन्ही संशोधक भारतीय वंशाचेच!

डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सी.एस.आय.आर.ने दंड थोपटले. पण तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा ठरत नसे. छापील कागद हवा. म्हणजे आजीची साक्ष बाद. मग जुन्या ग्रंथांतून आणि नियतकालिकांतून ३२ संदर्भ शोधले. त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३चा लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये कचेरीने दावे फेटाळले.

हळदीतलं करक्युमिन प्रयोगशाळेत जंतूंची वाढ रोखतं हे खरं. पण ते पाण्यात जेमतेम विरघळतं, उजेडात लवकर बिघडतं. म्हणून क्रीमच्या डबीवर नुसतं ‘टरमरिक’ वाचून मी तरी भुलत नाही.

तिकडे विकोच्या पेंढरकरांचं भांडण वेगळंच. त्यांचं हळदीचं क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं खटला चालला. नव्या शतकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयात ते औषध ठरलं.