पुडीच्या कागदापासून पुस्तकापर्यंत



"पुस्तक वाचून पोट भरतं का?" हा सवाल आपल्या वस्तीत अजून ऐकू येतो. सवाल खोटा नाही. जिथं सांजच्या भाकरीची पंचाईत होती, तिथूनच तो आला. पण साहित्य म्हणजे काय आणि माणसानं ते का वाचावं, याचं उत्तर सातारा-सांगलीच्या आपल्याच माणसांनी देऊन ठेवलं आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. हाच मुलगा पुढे मुंबईत १९०७ साली मॅट्रिक पास झाला, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. ते वाचून आपल्यावर मोठा परिणाम झाला, असं बाबासाहेबांनीच नमूद केलं आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेमागे आयुष्यभराचा अभ्यास आणि संघर्ष होता. पण त्या वाटेच्या सुरुवातीला एक भेट मिळालेलं पुस्तक आहे, हे विसरू नये.

दुसरे वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. शाळा जवळजवळ नाहीच. मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं पक्की केली. १९५९ साली त्यांची 'फकिरा' कादंबरी आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तोवर आपला माणूस पुस्तकात आलाच तर बहुधा चाकर म्हणून, नाहीतर दयेचा धनी म्हणून. अण्णाभाऊंनी त्याला नायक केलं. वाचणाऱ्याला आपला बाप पुस्तकात ताठ मानेनं उभा दिसला.

तिसरे आटपाडीचे शंकरराव खरात. गावकीत तराळकी करणाऱ्या घरातला हा मुलगा शिकून वकील झाला, विद्यापीठाचा कुलगुरू झाला. आत्मकथेला नाव देताना 'तराळ' हा शब्द त्यांनी लपवला नाही. १९८१ साली 'तराळ-अंतराळ' आलं आणि १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

पण मला सगळ्यात मोठा धडा दिला तो फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी. शिक्षण चौथीपर्यंत, लग्न तेराव्या वर्षी. छोटंसं किराणा दुकान. माल बांधायला रद्दी यायची, तिच्यातले कागद त्या पुडी बांधण्याआधी वाचून काढायच्या. मग स्वतः लिहू लागल्या, तेही नवऱ्याला कळू न देता. लिहिलेलं कित्येक वर्षं लपवून ठेवलं. शेवटी १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं आलं.

लपवावं का लागलं? कारण त्यांनी फक्त गावानं केलेला अन्याय लिहिला नाही. आपल्याच घरात सुनेचा छळ कसा व्हायचा, बाईला मार कसा बसायचा, तेही लिहिलं. दुसऱ्याचा अन्याय अर्जात लिहिता येतो, भाषणात सांगता येतो. आपल्या घरातला अन्याय सांगायला साहित्यच लागतं. वाचताना आधी वाटतं, "हे तर आपलंच!" मग मान खाली जाते. आणि मग माणूस बदलायला लागतो. म्हणूनच वाचायचं.

पुस्तकानं पोट भरत नाही, हे खरं. पण भाकर मिळाल्यावर माणसासारखं कसं जगायचं, हे पुस्तकातून उमगतं.

म्हणून एक विनंती. आपल्या विहारात एक कपाट पुस्तकांचं असू द्या. रविवारी वंदनेनंतर चार पानं मोठ्यानं वाचा, म्हणजे ज्यांना अक्षर येत नाही त्या म्हाताऱ्या माणसांनाही ऐकता येईल. आणि घरी आजी असेल तर तिच्याजवळ वही घेऊन बसा. ती सांगेल ते तिच्याच बोलीत उतरवून घ्या. सुधारून लिहू नका.