डोंगलपासून सुटलेली मराठी

अंबाजोगाईत आमच्या पिढीने मराठी टायपिंग शिकलं ते रेमिंग्टनवर. 'शिरूर' उमटवायचं तर आधी ऱ्हस्व वेलांटी, मग श. पुढे डीटीपी आलं तरी बोटांची सवय तीच राहिली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, कारखान्याच्या निवडणुकीची पत्रकं. धंदा जोरात होता.

तेव्हाच्या मराठी सॉफ्टवेअरला डोंगल लागे. बोटभर लांबीचा तो ठोकळा संगणकामागे प्रिंटरच्या पोर्टात खोचला नाही, तर प्रोग्रॅम सुरूच होत नसे. हरवला की दुकान बंद. त्याहून मोठी डोकेदुखी म्हणजे प्रत्येक कंपनीच्या फॉन्टात 'क'चा सांकेतिक आकडा निराळा. इथला मजकूर फ्लॉपीवर लातूरच्या छापखान्यात नेला, तर पडद्यावर नुसता चिन्हांचा काला. मग नवरदेवाच्या नावापासून सगळं पुन्हा टाइप करा.

खरं तर इलाज केव्हाच तयार होता. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड १९८६चा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. 'क'च्या कळीवर शिफ्ट दाबली की 'ख'. उच्चाराच्या क्रमाने टाइप करायचं, म्हणजे आधी श, मग वेलांटी. कन्नडलाही कळांची मांडणी हीच. १९९१ साली भारताची इस्की ही मानक संकेतप्रणाली ठरली, त्याच साली जगभरच्या लिपींसाठीच्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. पण टायपिंगच्या परीक्षा रेमिंग्टनच्या, गिऱ्हाइकाला पत्रिका उद्या हवी. नवं शिकायला सवड कुणाला?

लिनक्स ही खुली संगणकप्रणालीही बीडपर्यंत पोचली होती. तिच्या उबुंटू या आवृत्तीची सीडी मागवली की परदेशातून टपालाने फुकट यायची. २००४ साली रेड हॅटने लोहित फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले. विंडोज एक्सपीत मराठी नीट दिसायला मूळ सीडी घालून फायली चढवाव्या लागत. ती सीडी कुणाकडे असणार? लिनक्सची सीडी मात्र कितीही जणांना कॉपी करून द्या, पूर्ण कायदेशीर. आमच्या संगणकाच्या वर्गातल्या पोरांना त्याचं कौतुक नव्हतं. चोरीचं विंडोज गल्लोगल्ली मिळत होतं आणि नोकरीसाठी एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र लागत होतं. "लिनक्स शिकून कोण नोकरी देतो, सर?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते खुल्या सॉफ्टवेअरचं आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान चोरीच्या विंडोजनेच केलं.

जे वर्गात जमलं नाही, ते मोबाइलने केलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर-वडवणीकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोयते घेऊन कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर जातात. टोळीचा मुकादम उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांचा, हिशेब मराठीत टाइप करून पाठवतो. तो बेळगावात, मजुरांच्या कोपीवरच्या, म्हणजे झोपडीतल्या, स्वस्तातल्या फोनवरही जसाच्या तसा वाचता येतो, कारण संकेत एकच, युनिकोडचा. या टोळ्यांकडचे बहुतेक फोन अँड्रॉइडचे, आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच. हे सांगितलं की आमच्या वर्गातली पोरं हमखास फोन उलटा करून बघतात.