गिअरबॉक्सचा झटका आणि व्हेलचं तेल

पेठ वडगावात माझ्या मामांकडे एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली. किणी टोलनाक्याकडे हायवेला लागलं, की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना ती जोरात झटका द्यायची. गॅरेजमध्ये सांगितलं, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." खर्च ऐकून मामा गाडी विकायलाच निघाले. मी विचारलं, "मामा, आत तेल कुठलं घातलंय?" ते म्हणाले, "गिअरचं ऑइल असतंय की रे, दुसरं काय?"

हा प्रश्न मला सुचला तो इतिहास वाचल्यामुळे. तुम्ही पीएचडीची तयारी करत असाल, तर तो तुमच्याही कामाचा आहे.

तेलाच्या प्रवाहातून शक्ती पोचवायची कल्पना जर्मन इंजिनिअर हेर्मान फ्योटिंगर यांची. १९०५ चं त्यांचं पेटंट जहाजांसाठी होतं. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स आणला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलमध्ये बसवला. क्लचचं पेडल गेलं. आता गिअर बदलताना एक क्लच सुटणार, दुसरा धरणार, आणि दोन्ही तेलात भिजलेले! तेल फार घसरडं असेल तर क्लच घसरतो. नको तिथे पकड वाढली तर तो एकदम धरतो, म्हणजेच झटका. म्हणून १९४९ मध्ये जनरल मोटर्सने अशा गिअरबॉक्ससाठी 'टाइप ए' हे वेगळं तेलच ठरवून दिलं.

पकड अलगद बसावी म्हणून या तेलांत स्पर्म व्हेल माशापासून (खरं तर तो सस्तन प्राणी) मिळणारं तेल मिसळत. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं, आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला. तोपर्यंत 'नुसतं वंगण' वाटणारी गोष्ट यंत्राचा एक भागच आहे, हे तेव्हा चांगलंच कळलं.

आता निदानाकडे येऊ. आधी गिअरबॉक्सचा प्रकार बघा. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेला एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. त्याचा क्लच यंत्र दाबतं. त्याच्या झटक्याची कारणं वेगळी. मामांचा तसा नव्हता. मग तेलाची पातळी, रंग, वास आणि कंपनीने सांगितलेला प्रकार. त्यानंतर स्कॅनरवरचे कोड, मग तेलाचा दाब. उतरवणं सगळ्यात शेवटी. आणि कोड फक्त कुठे बिघडलंय ते सांगतो, का बिघडलंय ते नाही.

मामांच्या गाडीत भलतंच तेल निघालं. योग्य तेल घातल्यावर झटका बराच कमी झाला, पण सकाळी गाडी थंड असताना अजून जाणवतो. म्हणजे तेल हे एक कारण होतं, एकमेव नव्हे. तेल आणि पार्ट एकदमच बदलले असते, तर हे कळलंच नसतं.

तुमच्या प्रयोगातही असं एखादं 'तेल' असतं: सॉल्व्हंट, बफर, नळाचं पाणी. 'बाकी सगळं तेच ठेवलं' असं थिसिसमध्ये लिहिण्याआधी त्या बाटलीवरचं लेबल एकदा वाचा. गाडी मामांनी अजून विकलेली नाही.