शेकोटीच्या फळीची गिटार

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५०च्या दशकात फारुख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकत होता. शाळेतल्या मित्रांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता, त्यात तो पियानो वाजवी. पुढे तो लंडनला गेला आणि 'क्वीन' या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. एवढं आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. आज मात्र मला सांगायचंय ते रंगमंचावर त्याच्या शेजारी उभ्या असणाऱ्या उंच, कुरळ्या केसांच्या ब्रायन मे या गिटारवादकाच्या गळ्यातल्या लाल गिटारविषयी. ही गिटार दुकानातली नाही. ती त्याने शाळेत असताना वडिलांबरोबर घरी केली.

घरी गिटार करता येते का? आपल्या मिरजेचा तंबोरा कुणी सहज म्हणून घरी करायला जाणार नाही. भोपळा निवडायचा, वाळवायचा, कोरायचा, मग जवारी लावायची. त्यात पिढ्यांचं कसब असतं. साध्या गिटारचंही तसंच आहे. तिचा आवाज पोकळ पेटीतून येतो आणि पेटी बिघडली की सगळंच बिघडतं. विजेच्या गिटारला ही पेटी लागत नाही. पोलादी तारांच्या खाली एक लोहचुंबक असतो, त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते आणि अॅम्प्लिफायर तिचा आवाज करतो. या भागाला म्हणतात पिकअप. त्यामुळे खालचं लाकूड भरीव चाललं, चौकोनी चाललं, अगदी कसंही चाललं. पडद्यांची अंतरं तेवढी अचूक हवीत, आणि ती गणिताने निघतात. करवत, सोल्डरिंगची इस्त्री आणि चिकाटी असलेल्या कुणालाही हे वाद्य करून पाहण्याचा मोह व्हावा, यात नवल नाही.

या वाद्याचा जन्मही काहीसा असाच, घरगुती. लॉस एंजेलिसच्या जॉर्ज बीचम या वादकाने १९३१च्या सुमारास घरी जेवणाच्या टेबलावर पिकअपवर प्रयोग केले. वेढे गुंडाळायला त्याने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली. त्यातून निघालेल्या वाद्याला लोक 'फ्राइंग पॅन' म्हणू लागले, कारण ते दिसायचंच तसं. मांडीवर आडवं ठेवून, तारेवर धातूची नळी फिरवून वाजवायचं ते हवाईयन पद्धतीचं वाद्य. हिंदी चित्रपटांच्या सुरावटी ज्या हवाईयन गिटारवर आपण ऐकल्या, तिच्याच कुळातलं.

पुढे १९४०-४१च्या सुमारास लेस पॉल या वादकाने न्यूयॉर्कमधल्या एका गिटार कारखान्यात, रविवारी कारखाना बंद असताना, चार इंच बाय चार इंचाच्या लाकडी ओंडक्यावर तारा चढवल्या. आवाज उत्तम. पण लोकांना ती गिटार वाटेना! म्हणून त्याने एक नेहमीची गिटार मधोमध कापून तिचे दोन अर्धे भाग ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे चिकटवले. आवाजाशी त्या पंखांचा काही संबंध नव्हता, ते केवळ डोळ्यांच्या समाधानासाठी. 'गिब्सन' या मोठ्या कंपनीने त्याला आधी परत पाठवलं आणि १९५२मध्ये त्याच्याच नावाची भरीव गिटार बाजारात आणली.

मात्र हौशी लोकांवर खरे उपकार केले ते कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी. हे गृहस्थ रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत आणि गंमत म्हणजे त्यांना गिटार वाजवता येत नसे. दुरुस्ती करणारा माणूस वस्तूकडे वेगळ्या नजरेने पाहतो. ही उद्या बिघडेल तेव्हा उघडायची कशी, हे त्याच्या आधी मनात येतं. पूर्वी गिटारची दांडी सरसाने कायमची चिकटवत. फेंडर यांनी ती चार स्क्रूंनी बसवली. खराब झाली, काढा, दुसरी लावा. १९५१ची टेलिकास्टर, त्याच वर्षीची प्रिसिजन बेस आणि १९५४ची स्ट्रॅटोकास्टर ही वाद्ये अशी सुटी होतात. त्यांनी सोय केली दुरुस्तीसाठी, पण स्क्रूड्रायव्हर हाती असलेल्या मुलांनी तिचा अर्थ आपल्या परीने घेतला.

आता येऊ लंडनच्या पश्चिमेला, फेल्टम या उपनगरात. ब्रिटनमध्ये १९५१पासून १९५९पर्यंत अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते. ते उठल्यावरही स्ट्रॅटोकास्टरची किंमत साध्या नोकरदाराच्या घराला झेपणारी नव्हती. ब्रायनचे वडील हॅरल्ड मे सरकारी हवाई खात्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करत. घरातला टेलिव्हिजनसुद्धा त्यांनी स्वतः जोडलेला. ऑगस्ट १९६३मध्ये बाप-लेकांनी ठरवलं की परवडत नाही ना, मग आपणच करू, आणि विकतच्यापेक्षा चांगली करू. ब्रायन तेव्हा सोळा वर्षांचा होता. काम सुमारे दोन वर्षं चाललं.

दांडीसाठी लाकूड मिळालं ते एका जुन्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीतून. ती इतकी जुनी की लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी तिला भोकं पाडली होती. ती भोकं आगकाड्या ठोकून बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचं ओक लाकूड आणि ब्लॉकबोर्ड, त्यावर महोगनीचा पातळ पापुद्रा. पडद्यांमधल्या खुणांचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं.

या गिटारमधला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे तिचा ट्रेमोलो. हा एक दांडा असतो. दाबला की सगळ्या तारा एकदम सैल होतात, सूर खाली घसरतो. सोडला की मूळ जागी यायला हवा. बाजारातल्या गिटारींत नेमकं इथेच अडायचं. घर्षणामुळे सूर पुरता परत येत नसे आणि वाद्य बेसूर होई. मे पिता-पुत्रांनी पट्टी पोलादाच्या धारेवर टेकवली, सोनाराच्या तराजूची दांडी टेकते तशी. धारेवर घर्षण जवळजवळ नाहीच. तारांच्या ओढीला तोल द्यायला १९२८च्या पँथर मोटारसायकलच्या इंजिनातल्या दोन स्प्रिंगा लावल्या. दांडा सायकलच्या पिशवीच्या कडीपासून केला आणि त्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचं टोक बसवलं. भंगारातून केलेली ही रचना वरच्या दर्जाच्या अभियांत्रिकीत मोडते, असं मी म्हणेन.

सगळंच साधलं असंही नाही. पिकअपही त्यांनी आधी घरीच केले होते, पण तार बोटाने आडवी ओढली की मधेच विचित्र आवाज येई. शेवटी 'बर्न्स' कंपनीचे तीन पिकअप विकत आणले. तेही जसेच्या तसे लावले नाहीत. वेढे थरथरून कर्कश शिट्टी मारू नयेत म्हणून ते अरल्डाइटने भरून टाकले. प्रत्येक पिकअपला दोन स्वतंत्र बटणं दिली, त्यामुळे एकाच गिटारमधून नाना तऱ्हेचे आवाज निघू लागले.

पुढच्या दशकात ही उलाढाल जगभर पसरली. स्ट्रॅटोकास्टरच्या आवाजाच्या खटक्याला तीन जागा होत्या. पोरांनी तो दोन जागांच्या मधे अडकवून पाहिला, तर निराळाच गोड आवाज आला. ही खोडी इतकी रूढ झाली की १९७७मध्ये कंपनीने स्वतःच पाच जागांचा खटका बसवला. फ्लोरिडाच्या जाको पास्टोरियसने आपल्या बेसला पडदेच ठेवले नाहीत. खाचा भरून काढल्या, वर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं, आणि त्या बेसमधून सारंगीसारखी मींड निघू लागली. १९७६ची त्याची तबकडी ऐकून असंख्य बेसवादकांनी पक्कड हाती घेतली. कॅलिफोर्नियात एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरचं अंग आणि ८० डॉलरची दांडी आणली, अंग तर कारखान्यातला दुय्यम माल. त्यात जुन्या गिब्सनचा पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून घातला. त्या गिटारला नाव पडलं 'फ्रँकेन्स्टाइन'. २००७मध्ये फेंडर कंपनीने तिच्या हुबेहूब ३०० प्रती काढल्या, ओरखड्यांसकट; किंमत प्रत्येकी २५,००० डॉलर. हौसेचा बाजार होतो तो असा.

फेल्टमच्या घरात मात्र वेगळंच घडत होतं. ब्रायन लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात खगोलभौतिकीत पीएच.डी. करत होता, विषय, सूर्यमालेतल्या धुळीचा. १९७४मध्ये त्याने ती अर्धवट सोडली आणि पूर्णवेळ बँडमध्ये गेला. हॅरल्ड यांना हे सहन झालं नाही. मुलाच्या शिक्षणासाठी या घराने काटकसर केलेली. आपल्याकडच्या कुणाही मध्यमवर्गीय बापासारखंच त्यांना वाटलं की पोराने आयुष्य वाया घालवलं. ज्या वाद्यापायी मुलगा हातचा गेला ते त्यांनी स्वतःच त्याच्याबरोबर कापलं, तासलं, जोडलं होतं. गिटार त्यांच्या लेखी छंद होता, आणि छंदासाठी त्यांनी दोन वर्षं दिली होती. त्याचं पोट भरण्याचं साधन होईल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. काही काळ दोघांत धड बोलणंही राहिलं नाही.

१९७७च्या डिसेंबरात 'क्वीन'चे कार्यक्रम न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होते. ब्रायनने आई-वडिलांना लंडनहून काँकॉर्ड विमानाने बोलावलं. याच विमानाच्या, धुक्यात न दिसताही उतरण्याच्या यंत्रणेवर हॅरल्ड यांनी नोकरीत काम केलं होतं. त्यात बसण्याचा योग तोवर आला नव्हता. भरलेल्या त्या सभागृहात त्यांनी आपल्या हातची गिटार ऐकली. कार्यक्रमानंतर, आता मला समजलं, अशा अर्थाचं ते मुलाला म्हणाले. ब्रायनने हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे.

हॅरल्ड १९८८मध्ये वारले. अर्धवट राहिलेली पीएच.डी. ब्रायनने २००७मध्ये, साठाव्या वर्षी पुरी केली. त्याआधी जून २००२मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात त्याला बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं करून ब्रिटिश राष्ट्रगीत वाजवायला सांगितलं होतं. खाली लाखोंची गर्दी होती. त्या गच्चीवरही त्याच्या गळ्यात शेकोटीच्या फळीची तीच गिटार होती.