कार्ड कुणाच्या खिशात?

माझे पणजोबा परळच्या एका गिरणीत बदली कामगार. पहाटे गेटवर उभं राहायचं, जॉबरने बोट दाखवलं तर त्या दिवसाचं काम. त्यासाठी जॉबरला दस्तुरी. मी घरबसल्या भाषांतरं करतो, क्लायंट ऑनलाइन मिळतात. वाटायचं, आपला त्या गेटशी काय संबंध?

संबंध आहे.

1998 मध्ये थॉमस मलोन आणि रॉबर्ट लॉबाकर यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त लिहिलं की, नेटने जोडलेली स्वतंत्र माणसं कंपन्यांची कामं करू लागतील. ते 'ई-लान्सर'. 1999 मध्ये ईलान्स सुरू झालं, संस्थापकांत आयआयटी मुंबईचे बीरूद शेठ. 2003 मध्ये दोन ग्रीक मित्रांचं ओडेस्क आलं. 2013 च्या अखेरीस दोघांचं विलीनीकरण जाहीर झालं, 2015 मध्ये नाव पडलं अपवर्क. दोन मोठ्या गेटांचं एक गेट झालं.

मग दस्तुरी बदलली. आधी सरसकट 10 टक्के होती. 2016 पासून एका क्लायंटच्या पहिल्या 500 डॉलरवर 20 टक्के, पुढे 10,000 पर्यंत 10, त्यावर 5. म्हणजे पहिल्या 500 मधले 100 गेले! नवे क्लायंट शोधत फिरणारा मार खायचा, जुना टिकवणारा तरायचा. 2023 मध्ये पुन्हा सरसकट 10 झाले. पण क्लायंटला दोन वर्षांच्या आत बाहेर न्यायचं तर वेगळी फी, हा नियम राहिलाच.

माझं खातं एका प्लॅटफॉर्मने (कुठल्या ते सोडा) महिनाभर बंद केलं. कारण सांगितलं नाही. सहा वर्षांचं रेटिंग, अभिप्राय सगळं गायब. नेहमीच्या चार क्लायंटपैकी तिघांचा ईमेलसुद्धा माझ्याकडे नव्हता. खातं परत आलं, तेव्हा दोघांनी दुसरा माणूस शोधलेला. चूक त्यांची नाही हो. मी आहे की गेलो, त्यांना कसं कळणार?

1935 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत आली. जॉबर संपला नाही, पण थोडा वचकला. नोंद त्याच्या मर्जीतून निघून कागदावर आली आणि तो कागद पणजोबांच्या खिशात होता.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार ही नावं कायद्यात आणली. चांगलं झालं. पण आपण कमावलेलं रेटिंग दुसरीकडे नेण्याचा हक्क त्यात नाही.

माझी मागणी एवढीच आहे. कमिशन घ्या, पण माझ्या कामाची नोंद माझ्या खिशात द्या. आणि तोवर, मित्रांनो, क्लायंटच्या कामाची स्वतःची वही ठेवा.