नमुना : कागदावरचा आणि पडद्यावरचा

संगणकाच्या पडद्याचे कच्चे रूप आधी तयार करून ते वापरणाऱ्याच्या हाती द्यायचे, त्याच्या अडचणी पाहायच्या आणि मगच आज्ञावली लिहायची, या रीतीतील कच्च्या रूपासाठी मराठीत 'आदिरूप', 'प्रारूप' असे शब्द योजले जातात. आम्हांस फारसीतून आलेला 'नमुना' अधिक जवळचा वाटतो. त्यात मासला आहे आणि छापील तक्ताही. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोहोंचा मिळून सातबारा.

१९८१ ते १९८५ या काळात स्कँडिनेव्हियातील 'युटोपिया' प्रकल्पात वृत्तपत्रांच्या छपाई कामगारांसमोर पुठ्ठ्याची खोकी मांडली गेली. एका रिकाम्या खोक्यावर नुसते 'लेझर प्रिंटर' असे लिहिले होते. तयार यंत्रापुढे गप्प राहणारा माणूस पुठ्ठ्यावर काट मारताना कचरत नाही, हे या पद्धतीचे मर्म होय.

जालन्याच्या शेतकऱ्यापुढे अनेक तक्ते आले. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दफ्तराची भाषा उर्दू होती. १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत अजूनही शोधले जाते. अधिकार अभिलेखाचे राज्याचे नियम १९७१ चे. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. राज्ये बदलली, लिपी बदलली. नोंद मात्र दुसराच कोणी करी.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नमुना बारा भरण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती आले. आधी मोजक्या तालुक्यांत तिची चाचणी झाली होती. तरीही भ्रमणध्वनीच्या पडद्यावर 'निर्भेळ पीक' हा जुन्या तक्त्यातला शब्द उतरलाच. तलाठ्याला तो सरावाचा. भोकरदनच्या शिवारात कपाशीत तूर पेरणारा मात्र 'कपाशीत तूर आहे' एवढेच म्हणतो. कागदावरचा शब्द त्याला परका असला तरी बिघडत नव्हते, कारण लिहिणारा दुसरा होता. आता चुकीच्या चौकटीवर पडलेले बोट नुकसानभरपाईच्या वेळी आडवे येऊ शकते.

शब्दांची निवड हा आपल्या विषयाचाच भाग आहे. पडदा आखणाऱ्याने तो आधी कागदावर काढून पारावर ठेवावा, पेन्सिल शेतकऱ्याच्या हाती द्यावी आणि तो कोणता शब्द खोडतो ते पाहावे. खोडलेल्या शब्दाशेजारी तो जे लिहील, तेच पडद्यावर यावे.